धाकट्याचा डायपर, मोठ्याचा मूड आणि जहाजाचं तिकीट

प्रश्न : आमचं सहा जणांचं कुटुंब. मोठा मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा (फेब्रुवारीत त्याला तीन पूर्ण होतील), आम्ही दोघं आणि सासूबाई, वय ६८. सासूबाई शाकाहारी, एकादशी-संकष्टी पाळतात, गुडघे दुखरे. यंदा क्रूझची सहल करायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि तिथेच एकमत संपलं. मिस्टर म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-गोवा दोन रात्रींची करून येऊ. पासपोर्ट नको, विमान नको. नणंद म्हणते, करायचीच तर सिंगापूरहून करा. मोठा म्हणतो, मला नेऊच नका, मी मामाकडे राहतो. मुलीने यूट्यूबवर जहाजावरचं लाटांचं मशीन पाहिलंय, तिला तेच हवं. धाकटा अजून डायपरमध्ये आहे. ट्रॅव्हल एजंट प्रत्येक जहाजाबद्दल एकच सांगतो, "मॅडम, फॅमिली क्रूझ आहे, सगळ्या वयाच्या मुलांना चालतं." तिघांनाही बरं वाटेल असं जहाज निवडायचं कसं? दिवाळीत जावं की मे महिन्यात? सहा जणांना खोल्या कशा घ्याव्यात? धाकट्याचा आणि सासूबाईंचा पासपोर्ट अजून काढलेला नाही.
— गोंधळलेली आई, नाशिक

उत्तर :

तुमचा एजंट खोटं बोलत नाहीये, पण त्याच्या वाक्यातून कळत काहीच नाही. सगळ्या वयाच्या मुलांना जहाजावर चढू देतात, एवढाच त्याचा अर्थ. चढल्यानंतर कुणाला कुठे आत घेतात आणि कुणाला दारातूनच परत पाठवतात, हे कुणी आपणहून सांगत नाही. बुकिंग झाल्यावर, पैसे भरल्यावर, जहाजावरच्या मुलांच्या क्लबच्या दारात उभं राहून ते कळतं. तेव्हा आपण घरीच कळून घेऊ.

माझं मत आधी सांगून टाकते. तुमच्या घरात केव्हा जायचं हे धाकटा ठरवणार आणि कोणत्या जहाजाने जायचं हे मोठा ठरवणार. मुलीची चिंता फारशी करू नका. नऊ वर्षांचं मूल जहाजावर सगळ्यात सुखी असतं. तिला क्लब आहे, तलाव आहे, घसरगुंडी आहे, दिवसभर मिळणारं आइस्क्रीम आहे. (मधल्या मुलांच्या वाट्याला एरवी उरलंसुरलं येतं. इथे एकदा तरी उलटं होतं.)

धाकट्यापासून सुरुवात करू, कारण सगळी गाठ तिथे आहे. रॉयल कॅरिबियन, डिस्ने यांसारख्या मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर मुलांचा मोफत क्लब सुरू होतो तो पूर्ण तीन वर्षांपासून. पूर्ण तीन म्हणजे प्रवासाच्या दिवशी तीन. 'पुढच्या महिन्यात तिसरं संपतंय हो' हे चालत नाही. आणि नुसतं वयही पुरत नाही. मूल शी-शू सांगणारं असावं लागतं. डायपर चालत नाही, चड्डीसारखे पुल-अपही चालत नाहीत. रात्री झोपताना केबिनमध्ये डायपर घातला तर त्याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, पण क्लबमध्ये ठेवायचं तर बिनडायपरचं मूल हवं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, सहा महिन्यांपासूनच्या बाळांना तिथे घेतात. पण त्याचे तासाला पैसे पडतात, जागा मोजक्या असतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं.

डायपरवाल्या मुलाचा दुसरा अडसर पाण्याचा. बहुतेक मोठ्या जहाजांवर डायपरमधल्या मुलांना तलावात उतरू देत नाहीत. पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. हे कडक वाटतं, पण कारण रास्त आहे. एका मुलाने तलावात शी केली की तो तलाव रिकामा करून, साफ करून, पुन्हा भरेपर्यंत तास न् तास बंद राहतो आणि बाकीची सगळी पोरं काठावर रडत बसतात. काही जहाजांवर अशा चिमुकल्यांसाठी वेगळा, कारंज्यांचा छोटा कोपरा असतो. तो आहे का, हे विचारून घ्या. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवाळीत तुमचा धाकटा पावणेतीन वर्षांचा असेल. क्लब नाही, तलाव नाही. ताई पाण्यात डुंबतेय आणि याला कडेवर घेऊन तुम्ही किंवा मिस्टर त्या निळ्या पाण्यापासून लांब, उन्हात, येरझाऱ्या घालताय. तो गप्प बसेल असं तुम्हाला वाटतं का?

मे महिन्यात तोच मुलगा सव्वातीन वर्षांचा असेल. मधल्या काळात डायपर सुटला, तर सकाळचे दोन-तीन तास तो क्लबमध्ये रमेल आणि तुम्हाला निदान एक चहा गरम असताना प्यायला मिळेल. म्हणून माझं उत्तर मे. डायपर सोडवायची घाई मात्र जहाजासाठी करू नका, मूल त्याच्या वेळेलाच शिकतं. एप्रिलपर्यंत नाहीच जमलं तर चिमुकल्यांसाठी कारंज्यांचा कोपरा असलेलं जहाज पाहू आणि आळीपाळीने बघायची तयारी ठेवू. पण निदान आशा तरी मे महिन्यात आहे, दिवाळीत तीही नाही.

आता मिस्टरांच्या मुंबई-गोव्याबद्दल. त्यांचा विचार चुकीचा अजिबात नाही. पासपोर्ट नको, व्हिसा नको, नाशिकहून चार-पाच तासांत मुंबई, आणि जेवण आपलं. कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून २०२१ पासून जातंय. जहाज मुळात १९९० सालचं, ग्रॉस टनेज, म्हणजे जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप, सुमारे ४८ हजार. सिंगापूरला ठाण मांडून असलेलं 'डिस्ने अ‍ॅडव्हेंचर' सुमारे २ लाख ८ हजारांचं आहे. म्हणजे मुलांसाठी राखलेल्या जागेत किती फरक पडत असेल याचा अंदाज करा. लहान जहाज वाईट असतं असं मुळीच नाही. सासूबाईंना त्यावर चालणं कमी पडेल, हरवायची भीती कमी. पण तीन वेगवेगळ्या वयांना तीन वेगळे कोपरे द्यायचे तर जागा लागतेच, आणि १४ वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांच्या मुलांबरोबर एकाच खोलीत रंगकामाला बसवलं तर पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

दुसरं म्हणजे दोन रात्रींचं गणित. चढायचं दुपारी-संध्याकाळी, उतरायचं तिसऱ्या दिवशी सकाळी. मध्ये हाती राहतो तो एक अख्खा दिवस. त्या एका दिवसात मुलाला जहाज ओळखीचं होईपर्यंत बॅगा बाहेर ठेवायची वेळ येते. शिवाय शनिवार-रविवार धरून असलेल्या दोन रात्रींच्या फेऱ्यांना जगभर कुठेही मित्रांच्या टोळ्या, ऑफिसचे गट, नाचगाणी आणि कसिनोवाले जास्त असतात. त्यांचंही बरोबर आहे, ते त्यासाठीच येतात. पण साडेआठला झोपणारं मूल घेऊन तिथे जायचं म्हणजे दोघांचाही विरस. नवरा-बायको दोघंच असता, किंवा मुलं दहा-बाराची असती, तर मी मिस्टरांच्या बाजूने बोलले असते.

लक्षद्वीपच्या फेरीचं तुम्ही विचारलं नाही, पण मिस्टर पुढचा पत्ता तोच टाकतील म्हणून सांगते. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान होड्यांतून बेटावर नेतात. हलत्या जहाजातून हलत्या होडीत पाय टाकायचा, तोही दुखऱ्या गुडघ्यांनी किंवा कडेवर पोर घेऊन. नकोच ते.

दिवाळीच्या सुट्टीत मिस्टरांचं मन राखायचं असेल तर एक करा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट. तासाभराचा प्रवास. सगळ्यांना घेऊन अलिबागला दोन दिवस जाऊन या. कुणाला बोट लागते, कोण डेकवरून आत यायलाच तयार नाही, सासूबाईंना जिने झेपतात का, हे सगळं थोडक्यात कळेल. दिवाळीत समुद्र शांत असतो, त्यामुळे ही परीक्षा सोपीच आहे. पण सोप्या परीक्षेतही कुणी पडलं, तर ते मे महिन्याआधी कळलेलं बरं.

बोट लागण्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करते. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा बोट लागत नाही. दोन ते बारा या वयात ती सर्वांत जास्त लागते. म्हणजे तुमच्या मुलीला आणि आता धाकट्यालाही. घरात अ‍ॅव्होमिनची पट्टी असेल, ती परस्पर मुलांना देऊ नका. त्यातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देतच नाहीत, आणि मोठ्या मुलांनाही किती आणि केव्हा हे मुलांच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. गोळीइतकंच महत्त्व खोलीच्या जागेला आहे. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावा सगळ्यात कमी. पुढच्या टोकाला आणि उंचावर सगळ्यात जास्त. एजंट 'वरच्या मजल्यावरची मस्त खोली' देतो म्हणाला तर हे लक्षात ठेवा.

मे महिन्यात नणंद म्हणते तसं सिंगापूरहूनच का, तेही यातच आलं. सिंगापूर विषुववृत्ताला लागून आहे, वादळाचा ताप तिथे जवळजवळ नाही. मलाक्काची सामुद्रधुनी एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया यांच्या आडोशाला आहे. पाणी बहुतेक वेळा पुष्कळ शांत असतं. आपल्याकडे मात्र मे सरत आला की अरबी समुद्र पावसाळ्याच्या तयारीला लागलेला असतो.

आता जहाज निवडू, आणि इथे मोठ्याला बोलवा. खरंच बोलवा. 'मी मामाकडे राहतो' याचा अर्थ क्रूझ नको असा असेलच असं नाही. 'तीन दिवस धाकट्याला सांभाळायला मला नेताय' हा त्याचा संशय असू शकतो, आणि तो संशय अगदीच निराधार आहे का, हे तुमचं तुम्ही ठरवा. 'तू दादा आहेस ना, बघ जरा त्याच्याकडे' हे वाक्य या सहलीपुरतं घरी ठेवून जा. त्याला तसं स्पष्ट सांगा. मग त्याच्यासमोर जहाजांचे नकाशे ठेवा. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर मजल्यांप्रमाणे नकाशा असतो. त्यात टीनएजर्सचा क्लब शोधायचं काम त्याला द्या. तो क्लब १३ ते १७ साठी आहे की ११ पासून पुढच्या सगळ्यांना एकत्र कोंबलंय, संध्याकाळी तो किती वाजेपर्यंत उघडा असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या वयाच्या मुलांना आपापलं येता-जाता येतं की आईवडिलांनी सही करून सोडायचं. चौदा वर्षांच्या मुलाला आईने सही करून सोडलं तर तो त्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

सिंगापूरहून जाणाऱ्यांत तुमच्या कामाची नावं तीन. 'गेंटिंग ड्रीम'वर भारतीय प्रवाशांचा राबता मोठा आहे, त्यामुळे शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे. घसरगुंड्या, दोरांवरून चालायचा मार्ग, चढायची भिंत हे मोठ्याला आवडेल. मात्र टीनएजर्ससाठी स्वतंत्र क्लब त्या तारखांना चालू आहे का, हे लेखी विचारा. 'डिस्ने अ‍ॅडव्हेंचर'ची तीन आणि चार रात्रींची सहल मध्ये कुठल्याच बंदराला न थांबता सिंगापूरला परत येते. काहींना यात फसवणूक वाटते. मला तुमच्यासाठी ती सोय वाटते : दुसऱ्या देशाच्या कागदपत्रांची कटकट नाही, सासूबाईंना चढ-उतार नाही, धाकट्याची दुपारची झोप मोडत नाही. वयोगटांप्रमाणे वेगळे क्लब आहेत, आणि मोठ्याने 'मिकी माउस? मी काय बाळ आहे?' म्हटलं तर त्याला सांगा की त्या जहाजावर रोलर कोस्टर आहे. किंमत मात्र चढी. तिसरं रॉयल कॅरिबियन. तुमच्या मुलीने पाहिलेलं लाटांचं मशीन, फ्लोरायडर, ते त्यांच्याच जहाजांवर असतं. पण त्यांचं जहाज सिंगापूरला बारा महिने असेलच असं नाही, मे महिन्याच्या तारखा आहेत का हे पाहूनच मुलीला आशा दाखवा.

आणि आशा दाखवण्याआधी तिची उंची मोजा. दाराच्या चौकटीला पाठ टेकवून, अनवाणी, पेन्सिलची खूण करून. फ्लोरायडरवर आडवं झोपून फळी चालवायला ५२ इंच, म्हणजे १३२ सेंटिमीटर लागतात. उभं राहायला ५८ इंच, म्हणजे १४७. नऊ वर्षांच्या बऱ्याच मुली १३२ च्या अलीकडे-पलीकडे असतात. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते, म्हणजे आज १२९ असेल तर मे महिन्यात झोपून चालवायला मिळेल. उभं राहायला नाही. तिथला कर्मचारी पट्टी लावून मोजतो आणि अर्ध्या सेंटिमीटरचीही दया करत नाही. घसरगुंड्या, झिपलाइन, रोलर कोस्टर या सगळ्यांनाच अशी अट असते. रांगेत तासभर उभं राहून पट्टीपाशी नापास होणं हे नऊ वर्षांच्या जिवाला फार लागतं.

निवड करायची तर मी काय करीन? मोठा 'डिस्ने'ला मनापासून हो म्हणत असेल आणि खिशाला झेपत असेल तर चार रात्रींचं डिस्ने. नाहीतर गेंटिंग ड्रीम, तीन रात्रींचं, आणि शक्य तर मलेशियातल्या पेनांगला थांबणारं. तिथे जहाज जॉर्ज टाउन शहरालाच लागून असलेल्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. उतरलं की चालत दहा-पंधरा मिनिटांवर लिटल इंडिया. सासूबाईंना केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण, मुलांना जुन्या गल्ल्यांमधली भिंतीवरची चित्रं. टॅक्सी नाही, टूर नाही. याउलट पोर्ट क्लांग या क्वालालंपूरजवळच्या बंदराला उतरून 'क्वालालंपूर पाहू' म्हणाल तर जायला तास-सव्वा तास, यायला तेवढाच, आणि सगळं लक्ष घड्याळाकडे. जहाज कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी खुशाल जहाजावरच राहा. बाकीचे लोक उतरलेले असतात, घसरगुंडीला रांग नसते, आणि मुलांच्या मते हाच सहलीतला सगळ्यात भारी दिवस ठरतो.

आता खोल्या. सहा जण एका केबिनमध्ये मावत नाहीत. बहुतेक केबिन चौघांपर्यंतच असतात, आणि एखाद्या खोलीत पाचवा पलंग घालायला जागा दिसली तरी जीवरक्षक होड्यांतल्या जागांचा हिशेब आड येतो. तुम्हाला दोन केबिन लागणार. त्या शेजारी-शेजारी असून भागत नाही. मधून दार असलेल्या हव्यात. एजंट 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणेल, ते नको. 'कनेक्टिंग' असं लेखी घ्या आणि केबिनचे नंबर बुकिंगच्या वेळीच मागा. स्वस्तात मिळणाऱ्या 'गॅरंटी' प्रकारात खोली कंपनी देईल ती घ्यावी लागते, तो मोह तुमच्यासाठी नाही. वाटणी माझ्या मते अशी : एका खोलीत तुम्ही, सासूबाई आणि धाकटा, दुसरीत मिस्टर आणि दोघं मोठी. कारण साडेआठनंतर धाकट्याच्या खोलीत अंधार होणार आणि दुसऱ्या खोलीत अकरापर्यंत पत्ते चालणार. दोन्ही खोल्यांत एक मोठं माणूस दाखवलेलं असलं की कंपनीचीही हरकत नसते. तुम्हा दोघांना एकत्र खोली हवी असेल तर तो क्रूझ वेगळा, त्याचं पत्र मला वेगळं पाठवा.

वरून खाली उघडणाऱ्या पलंगावर मुलगी चढेल, धाकट्याला तिथे झोपवू देत नाहीत. त्याच्यासाठी जाळीचा पाळणा बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. बाल्कनी घ्यावी का? धाकटा ज्या खोलीत असेल तिथे मी घेणार नाही. बाल्कनीच्या दाराला कडी असते, कठडाही उंच असतो. पण तिथे खुर्ची असते आणि तीन वर्षांच्या मुलाला खुर्ची कशासाठी असते हे तुम्हाला सांगायला नको. बिनखिडकीची आतली खोली स्वस्त पडते आणि दुपारी मिट्ट काळोख होतो. लहान मुलाच्या झोपेला त्यासारखी खोली नाही. बाल्कनी हवीच तर ती मिस्टरांच्या खोलीला घ्या.

जेवणाचं बरंचसं निभावतं. मुख्य जेवणघरात संध्याकाळी दोन पंगती असतील तर पहिली घ्या. साडेसहाला जेवायची आपल्याला सवय नाही, पण धाकटा दुसरीला टेबलावरच झोपेल. पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला सांगून ठेवा : बिनतिखटाचं वरण, मऊ भात, थोडं तूप. दुसऱ्या दिवसापासून मिळतो. सासूबाईंच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी नाही मिळायची. दही, फळं, उकडलेला बटाटा, दूध एवढं सहज मिळतं. तारखा ठरवताना कालनिर्णय पाहा आणि एकादशी टळत असेल तर टाळा. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन नेऊ नका. सामानाच्या तपासणीत काढून ठेवतात. घरी केलेले लाडू-चिवडाही अडकू शकतात, बंद पाकिटातलं विकतचं सुकं खाणं सहसा जातं. डायपर मात्र घरूनच पुरेसे घ्या, जहाजावर मिळाले तर नशीब आणि दर विचारायचा नाही.

चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा तुमच्याकडून धक्क्यावरच घेतात आणि केबिनपाशी त्या संध्याकाळी उशिरा येतात. औषधं, धाकट्याचे दोन जोड, मुलांचे पोहण्याचे कपडे हे हातातल्या पिशवीत ठेवा, नाहीतर पोरं तलावाच्या काठावर जीन्समध्ये उभी राहतील. त्याच दिवशी सुरक्षेची कवायत असते, म्हणजे संकटात कुठे जमायचं ते दाखवतात. ती कंटाळवाणी म्हणून टाळू नका. केबिनच्या कपाटात जीवरक्षक जाकिटं असतील तर ती बाहेर काढून पाहा. ती मोठ्यांच्या मापाची असतात, धाकट्याच्या आणि मुलीच्या मापाची वेगळी मागावी लागतात. केबिन साफ करायला येणाऱ्या माणसाला सांगितलं की तो आणून देतो. क्लबमध्ये नाव घातलेल्या मुलांच्या मनगटावर पट्टी बांधतात, त्यावर त्यांच्या जमायच्या जागेचा क्रमांक असतो. ती पट्टी धाकटा दातांनी तोडू पाहील. तोडू देऊ नका. आणि तलावाशी जीवरक्षक नेमलेला आहे का ते पाहा. रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने ठेवतात, सगळेच ठेवत नाहीत. तो असला तरी धाकट्यापासून हातभर अंतरावर घरातलं कुणीतरी हवंच.

मोठ्याला पहिल्या रात्रीच क्लबमध्ये पाठवा, ढकलून का होईना. त्या वयाची मुलं पहिल्या संध्याकाळी कंपू करतात आणि दुसऱ्या दिवशी आलेल्याला त्यात शिरणं जड जातं. त्याच्याशी दोनच गोष्टी ठरवा : रात्रीचं जेवण सगळ्यांबरोबर, आणि खोलीत परतायची वेळ. फोनचं तेवढं आधीच उरका. जहाज धक्क्यापासून लांब गेलं की फोन जहाजाच्या नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर साध्या रोमिंगचे नसतात. सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. वायफाय विकत घ्यावं लागतं, बहुधा प्रत्येक फोनला वेगळं. जहाजावर खोली उघडायचं कार्डच पैसे भरायचं कार्ड असतं. मुलांच्या कार्डांवर खर्च बंद करायला पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगा. व्हिडिओ गेमच्या दालनात ते कार्ड टेकवलं की पैसे जातात आणि टेकवताना काहीच दुखत नाही.

खर्चाची तुलना करताना जाहिरातीतला माणशी आकडा धरू नका. त्यात बंदराचे कर, रोजची टिप (ती मुलांचीही लावतात), वायफाय, दोन केबिन, विमान, सिंगापूरचा व्हिसा आणि प्रवासी विमा मिळवून मग दोन जहाजं शेजारी ठेवा. आणि जहाज सुटायच्या आदल्या दिवशी सिंगापूरला पोचा. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान बहुधा रात्रीचं असतं, घड्याळ अडीच तास पुढे जातं. त्याच दिवशी जहाजावर चढायचं म्हणजे तिन्ही मुलांची झोप उडालेली आणि तुमची सहनशक्ती. एक रात्र हॉटेलात काढा. सिंगापूरचा व्हिसा दोनदा आत येता येईल असाच हवा, कारण जहाजावर चढताना तुम्ही देशाबाहेर पडता आणि उतरताना पुन्हा आत येता. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाची अट काढली आहे, तरी बुकिंगच्या वेळी ती सवलत चालू आहे ना, हे एकदा पाहून घ्या.

राहिले पासपोर्ट, आणि ते काम मात्र दिवाळीपर्यंत ढकलू नका. तुमच्या नाशिकलाच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. धाकट्याच्या अर्जाला तुम्हा दोघांच्या सहीचं घोषणापत्र म्हणजे 'अ‍ॅनेक्शर डी' लागतं. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो केंद्रात काढत नाहीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा छापील फोटो आपण न्यायचा असतो. दोन डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं अशा अवस्थेत तो सापडेपर्यंत फोटोवाल्याला थोडा वेळ द्या. नव्या अर्जावर आठ वर्षांखालच्यांना आणि साठीच्या वरच्यांना फीमध्ये दहा टक्के सूट आहे, म्हणजे धाकट्याला आणि सासूबाईंना दोघांनाही. मोठ्या दोन मुलांचे पासपोर्ट उघडून तारखा पाहा : लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि प्रवासाच्या वेळी तो पुढे किमान सहा महिने शिल्लक असावा लागतो. मोठ्याचा नवव्या वर्षी काढलेला असेल तर तो एव्हाना संपलेला किंवा संपत आलेला असेल.